बेनेगल नरसिंह राव

सर बेनेगल नरसिंह राव (२६ फेब्रुवारी १८८७ – ३० नोव्हेंबर १९५३) हे भारतीय सनदी अधिकारी, न्यायाधीश, मुत्सद्दी आणि राज्यघटनांचे व्यासंगी अभ्यासक होते. १९४६ पासून त्यांनी भारताच्या संविधान सभेचे घटनात्मक सल्लागार म्हणून काम केले. निरनिराळ्या देशांच्या राज्यघटनांचा तौलनिक अभ्यास करून त्यांनी संविधानाचा पहिला कच्चा मसुदा तयार केला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या अध्यक्षतेखालील मसुदा समितीने तोच मसुदा विचारासाठी आधार म्हणून घेतला. पुढे राव संयुक्त राष्ट्रांमध्ये भारताचे कायमस्वरूपी प्रतिनिधी झाले. हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे ते पहिले भारतीय न्यायाधीश होत.

जन्म व शिक्षण

राव यांचा जन्म मंगळूर येथे एका कोंकणी भाषक सारस्वत कुटुंबात झाला. त्यांचे वडील बेनेगल राघवेंद्र राव हे डॉक्टर होते. या कुटुंबातील अनेक जण सार्वजनिक जीवनात नावारूपाला आले. नरसिंह रावांचे बंधू बेनेगल रामा राव हे १९४९ ते १९५७ या काळात रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर होते. दुसरे बंधू बी. शिवा राव हे पत्रकार आणि संविधान सभेचे सदस्य होते. संविधाननिर्मितीची कागदपत्रे संपादित करून प्रसिद्ध करण्याचे मोठे काम पुढे त्यांनीच केले.

नरसिंह रावांचे शालेय शिक्षण मंगळूरच्या कॅनरा हायस्कुलात झाले. मॅट्रिकच्या परीक्षेत ते मद्रास इलाख्यात पहिले आले. मद्रास विद्यापीठाची पदवी घेतल्यावर शिष्यवृत्ती मिळवून ते केंब्रिजच्या ट्रिनिटी महाविद्यालयात दाखल झाले आणि १९०९ मध्ये तेथील ट्रायपॉस परीक्षा उत्तीर्ण झाले. पुढे कायद्याच्या क्षेत्रात कीर्ती मिळवलेल्या रावांनी विद्यार्थिदशेत गणिताचाही अभ्यास केला होता. जवाहरलाल नेहरू हेही त्याच सुमारास ट्रिनिटीमध्ये शिकत होते.

सनदी सेवा आणि न्यायाधीशपद

१९१० मध्ये राव भारतीय सनदी सेवेत रुजू झाले. त्यांची नेमणूक बंगाल प्रांतात झाली. थोड्याच काळात त्यांनी प्रशासकीय शाखा सोडून न्यायशाखा पत्करली आणि पूर्व बंगालमधील निरनिराळ्या जिल्ह्यांत न्यायाधीश म्हणून काम केले. १९२५ मध्ये ते आसाम सरकारच्या सेवेत गेले. तेथे प्रांतिक विधिमंडळाचे सचिव आणि सरकारचे कायदेविषयक सल्लागार अशा दोन्ही जबाबदाऱ्या त्यांच्याकडे होत्या. विधेयक कसे लिहावे, त्यातील एखादा शब्द न्यायालयात कोणते वळण घेईल आणि प्रत्यक्ष कारभारात त्याचा काय परिणाम होईल, या तिन्ही अंगांचा अनुभव त्यांना येथे मिळाला.

१९३५ च्या भारत सरकार कायद्याच्या तयारीशी त्यांचा संबंध आला. हा कायदा अमलात येण्यापूर्वी त्याच्याशी सुसंगत व्हावेत म्हणून ब्रिटिश हिंदुस्थानातील सर्व प्रचलित कायदे तपासून त्यांत फेरबदल करणे आवश्यक होते. ते काम रावांनी पार पाडले. १९३८ मध्ये त्यांना 'सर' हा किताब मिळाला. त्यानंतर ते कलकत्ता उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. मात्र सरकार त्यांच्यावर वारंवार विशेष कामगिऱ्या सोपवीत असल्याने त्यांना न्यायदानाचे काम सलगपणे करता आले नाही. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या कामगारांच्या महागाई भत्त्याची चौकशी ही अशा कामगिऱ्यांपैकी एक होती.

सिंधू आयोग

सिंधू नदीच्या पाण्यावरून सिंध आणि पंजाब या प्रांतांत उद्भवलेल्या तंट्याच्या चौकशीसाठी १९४१ मध्ये रावांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमण्यात आला. आयोगाचा अहवाल १९४२ मध्ये सादर झाला. नदी एकापेक्षा अधिक प्रांतांतून वाहत असेल, तर वरच्या प्रांताला हवे तेवढे पाणी अडवण्याचा अधिकार आहे काय, हा मूळ प्रश्न होता. याचे उत्तर शोधताना रावांनी संघराज्य पद्धतीच्या अन्य देशांत, विशेषतः अमेरिकेत, राज्याराज्यांतील पाणीतंटे कसे सोडवले गेले ते तपासले. वरच्या प्रांताची निरंकुश मालकी नाही आणि खालच्या प्रांताचा संपूर्ण नैसर्गिक प्रवाहावर हक्कही नाही, तर पाण्याचे न्याय्य वाटप व्हावे, हे तत्त्व अहवालात मांडले गेले. दोन्ही प्रांतांचे समाधान झाले नाही आणि फाळणीनंतर हा तंटा दोन देशांमधला बनला. तथापि, परदेशातील अनुभव जसाच्या तसा न उचलता त्यातील तत्त्व वेगळे काढून ते येथील परिस्थितीच्या कसोटीवर घासून पाहण्याची रावांची पद्धत या अहवालातच स्पष्ट दिसते.

हिंदू कायदा समिती

हिंदू स्त्रियांच्या मालमत्तेच्या हक्कांविषयी डॉ. जी. व्ही. देशमुख यांच्या प्रयत्नाने १९३७ मध्ये कायदा झाला होता. त्या कायद्यातील उणिवा दूर करण्याचे उपाय सुचवण्यासाठी १९४१ मध्ये रावांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पुण्याच्या विधी महाविद्यालयाचे प्राचार्य ज. र. घारपुरे हे तिचे एक सदस्य होते. तुकड्यातुकड्यांनी दुरुस्त्या करण्याऐवजी विवाह, वारसा, दत्तकविधान आदी विषयांची एकसंध संहिता करावी, असे मत समितीने दिले. १९४४ मध्ये समितीची पुन्हा स्थापना झाली. तिने देशातील प्रमुख शहरांत फिरून साक्षी घेतल्या आणि संहितेचा मसुदा तयार केला. १९४७ मध्ये तो विधिमंडळापुढे आला.

स्वातंत्र्यानंतर कायदामंत्री या नात्याने डॉ. आंबेडकरांनी या मसुद्याला नवे रूप देऊन हिंदू कोड बिल पुढे नेले. ते रखडल्यामुळे त्यांनी १९५१ मध्ये मंत्रिपदाचा राजीनामा दिला. १९५५ व १९५६ मध्ये या विषयांवरील चार स्वतंत्र कायदे संमत झाले, तेव्हा राव हयात नव्हते.

सनदी सेवेतून निवृत्त झाल्यानंतर १९४४ मध्ये राव जम्मू-काश्मीर संस्थानाचे पंतप्रधान झाले. परंतु महाराजांशी मतभेद झाल्याने पुढील वर्षी त्यांनी ते पद सोडले.

संविधान सभेचे घटनात्मक सल्लागार

१९४६ मध्ये संविधान सभेची पूर्वतयारी सुरू झाली तेव्हा रावांची घटनात्मक सल्लागार म्हणून नेमणूक झाली. हे काम त्यांनी मानधन न घेता केले. ते सभेचे सदस्य नव्हते. त्यामुळे त्यांना सभेत मतदानाचा अधिकार नव्हता. निर्णय सभेने करायचा आणि त्यासाठी लागणारी माहिती, पर्याय व त्यांचे संभाव्य परिणाम सल्लागाराने पुढे ठेवायचे, अशी ही कामाची विभागणी होती.

सभेची पहिली बैठक ९ डिसेंबर १९४६ रोजी भरली. सदस्यांमध्ये नामवंत वकील, प्रशासक आणि राजकीय नेते होते. परंतु अन्य देशांच्या राज्यघटना सर्वांनीच अभ्यासलेल्या नव्हत्या. ही उणीव भरून काढण्यासाठी रावांनी विविध देशांच्या घटनांतील तरतुदी विषयवार एकत्र करून त्यांच्या पुस्तिका सदस्यांना पुरवल्या. मार्च १९४७ मध्ये त्यांनी केंद्रीय व प्रांतिक विधिमंडळांच्या सदस्यांना एक प्रश्नावली पाठवली. राष्ट्रप्रमुखाची निवड कशी व्हावी, मंत्रिमंडळ कोणत्या पद्धतीचे असावे, दुसरे सभागृह असावे की नसावे, घटनादुरुस्तीची रीत कोणती असावी, असे प्रश्न तीत होते. अन्य देशांत या बाबींची व्यवस्था कशी आहे, याची माहितीही सोबत जोडलेली होती.

तौलनिक अभ्यासाचे स्वरूप

रावांपुढे मुख्यतः दोन प्रकारची उदाहरणे होती. ब्रिटनमध्ये एकसंध लिखित घटना नाही. तेथील मंत्रिमंडळ संसदेला जबाबदार असते आणि संसदेने केलेला कायदा न्यायालय रद्द करू शकत नाही. अमेरिकेत लिखित घटना सर्वोच्च असते. राष्ट्राध्यक्ष ठरावीक मुदतीसाठी निवडला जातो आणि घटनेशी विसंगत कायदा न्यायालय अवैध ठरवते. भारताला संसदीय मंत्रिमंडळ हवे होते आणि त्याचबरोबर लिखित मूलभूत अधिकार, संघराज्य व स्वतंत्र न्यायालयही हवे होते. दोन वेगळ्या परंपरांतील संस्था एका घटनेत बसवायच्या, तर त्यांच्या सांध्यांवर विशेष लक्ष देणे भाग होते.

या कामी कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि आयर्लंड यांचे अनुभव उपयोगी पडले. कॅनडा व ऑस्ट्रेलिया या दोन्ही देशांत संसदीय पद्धती व संघराज्य एकत्र नांदत होते. अमेरिका व ऑस्ट्रेलियात केंद्राला न दिलेले अवशिष्ट अधिकार घटकराज्यांकडे राहतात. कॅनडात ते केंद्राकडे आहेत. केंद्र आणि राज्य या दोघांनाही कायदे करता येतील अशा समवर्ती विषयांची व्यवस्था ऑस्ट्रेलियाच्या घटनेत आहे. भारतात १९३५ च्या कायद्याने विषयांच्या तीन सूच्या आधीच रूढ केल्या होत्या. फाळणीचा निर्णय झाल्यावर प्रबळ केंद्राकडे सभेचा कल वाढला आणि अवशिष्ट अधिकार अखेरीस केंद्राकडे देण्यात आले.

आयर्लंडच्या १९३७ च्या घटनेत सामाजिक धोरणाची काही तत्त्वे नमूद आहेत. मात्र ती न्यायालयामार्फत अमलात आणता येत नाहीत. न्यायालयात दाद मागता येईल असे अधिकार आणि राज्यसंस्थेला मार्ग दाखवणारी तत्त्वे यांतील हा भेद रावांनी महत्त्वाचा मानला. भारतीय संविधानातील मूलभूत अधिकार व मार्गदर्शक तत्त्वे ही दोन स्वतंत्र प्रकरणे या भेदावर उभी आहेत.

रावांच्या सर्वच सूचना स्वीकारल्या गेल्या नाहीत. राष्ट्रपतीला काही मोजक्या बाबतींत स्वविवेकाचे अधिकार असावेत आणि त्यासाठी वेगळी सल्लागार परिषद असावी, असे त्यांनी सुचवले होते. मंत्रिमंडळाच्या जबाबदारीला त्यामुळे बाध येईल, या विचाराने ती सूचना मागे पडली.

परदेश दौरा

संविधानाचा कच्चा मसुदा रावांनी ऑक्टोबर १९४७ मध्ये पूर्ण केला. त्यात २४३ अनुच्छेद आणि १३ परिशिष्टे होती. त्यानंतर डिसेंबरच्या आरंभापर्यंत ते अमेरिका, कॅनडा, आयर्लंड व ब्रिटन या देशांच्या दौऱ्यावर होते. घटनेचा मजकूर ग्रंथालयात वाचता येतो, परंतु तो प्रत्यक्षात कसा चालतो हे ती चालवणाऱ्यांकडूनच समजते, हा या दौऱ्यामागील हेतू होता.

आयर्लंडमध्ये ईमन डी व्हॅलेरा यांच्याशी त्यांची चर्चा झाली. तेथे रूढ असलेल्या आनुपातिक प्रतिनिधित्वाच्या निवडणूक पद्धतीविषयी स्वतः डी व्हॅलेरा फारसे अनुकूल नव्हते, ही बाब रावांनी आपल्या अहवालात नोंदवली. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश फेलिक्स फ्रँकफर्टर यांच्याशी झालेली चर्चा या दौऱ्यात सर्वांत परिणामकारक ठरली.

'उचित प्रक्रिया' आणि व्यक्तिस्वातंत्र्य

अमेरिकेच्या घटनेनुसार कायद्याच्या उचित प्रक्रियेशिवाय कोणाचेही जीवित, स्वातंत्र्य वा मालमत्ता हिरावून घेता येत नाही. मूलभूत अधिकारांच्या प्रारंभीच्या मसुद्यात भारतातही हीच शब्दयोजना होती. 'उचित' या कल्पनेचा विस्तार करून अमेरिकी न्यायालयांनी विसाव्या शतकाच्या आरंभी कामाचे तास आणि किमान वेतन यांविषयीचे अनेक कायदे रद्द केले होते. १९३७ नंतरच तेथील न्यायालयाची भूमिका बदलली. भारतात जमीनदारी नष्ट करणे आणि कुळांना संरक्षण देणे हे तातडीचे प्रश्न होते. असे कायदेही न्यायालयात अडकून पडतील, ही धास्ती रावांना दौऱ्यापूर्वीपासूनच वाटत होती.

मोजक्या न्यायाधीशांनी लोकप्रतिनिधींचे कायदे त्यांच्या इष्टानिष्टतेवरून रद्द करणे लोकशाहीशी विसंगत आहे आणि न्यायसंस्थेवरही तो अवाजवी भार आहे, असे फ्रँकफर्टर यांचे मत होते. या चर्चेनंतर रावांचा विचार अधिक पक्का झाला. मसुदा समितीने 'उचित प्रक्रिया' हे शब्द वगळून कायद्याद्वारे प्रस्थापित केलेल्या कार्यपद्धतीचा उल्लेख केला. या शब्दयोजनेस जपानच्या १९४६ च्या घटनेचा आधार होता.

या बदलावर संविधान सभेत तीव्र टीका झाली. संसदेने कायदा करून कोणालाही विनाचौकशी डांबून ठेवायचे ठरवले, तर नागरिकाने कोणाकडे दाद मागावी, हा टीकाकारांचा प्रश्न होता. ही उणीव अंशतः भरून काढण्यासाठी सप्टेंबर १९४९ मध्ये डॉ. आंबेडकरांनी अटक व स्थानबद्धता यांविषयीचा वेगळा अनुच्छेद मांडला. तोच आजचा अनुच्छेद २२ होय.

१९५० मध्ये ए. के. गोपालन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अनुच्छेद २१ चा संकुचित अर्थ लावला. आणीबाणीचा अनुभव घेतल्यानंतर, १९७८ च्या मनेका गांधी खटल्यात, ही कार्यपद्धती न्याय्य व वाजवी असली पाहिजे, असा निर्णय न्यायालयाने दिला. रावांच्या सल्ल्यावरून वगळलेला आशय अशा रीतीने न्यायनिर्णयाच्या वाटेने परत आला. समाजसुधारणेचे कायदे सुरक्षित राखण्याची रावांची चिंता रास्त होती. तथापि, मालमत्ता आणि व्यक्तीचे स्वातंत्र्य यांना एकाच मापाने मोजता येत नाही, हे नंतरच्या इतिहासाने दाखवून दिले.

दौऱ्यानंतर रावांनी आणखी एक सूचना केली होती. मार्गदर्शक तत्त्वे अमलात आणण्यासाठी केलेला कायदा केवळ मूलभूत अधिकारांशी विसंगत आहे म्हणून अवैध ठरू नये, अशी तरतूद त्यांना हवी होती. ती त्या वेळी स्वीकारली गेली नाही. १९७१ मध्ये पंचविसाव्या घटनादुरुस्तीने दोन मार्गदर्शक तत्त्वांपुरती या स्वरूपाची तरतूद संविधानात आणली.

मसुदा समिती आणि श्रेयाचा प्रश्न

मसुदा समितीची नेमणूक २९ ऑगस्ट १९४७ रोजी झाली. तिने रावांच्या मसुद्याची अनुच्छेदवार छाननी केली आणि २१ फेब्रुवारी १९४८ रोजी ३१५ अनुच्छेद व ८ परिशिष्टे असलेला मसुदा सादर केला. सभेतील दीर्घ चर्चेनंतर संमत झालेल्या संविधानात ३९५ अनुच्छेद व ८ परिशिष्टे होती. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी केलेल्या समारोपाच्या भाषणात डॉ. आंबेडकरांनी श्रेयाचा एक वाटा रावांना दिला आणि मुख्य मसुदालेखक एस. एन. मुखर्जी यांच्या कौशल्याचाही गौरव केला. दुसऱ्या दिवशी अध्यक्ष डॉ. राजेंद्र प्रसाद यांनी रावांच्या विनावेतन सेवेचा आदराने उल्लेख केला.

संविधानाचे खरे शिल्पकार कोण, असा वाद अधूनमधून उपस्थित केला जातो. त्यात रावांचे नाव डॉ. आंबेडकरांच्या विरोधात उभे केले जाते. उपलब्ध कागदपत्रांवरून या दोघांच्या कामाचे स्वरूप वेगवेगळे होते, असे दिसते. रावांनी सामग्री गोळा केली, पर्याय मांडले आणि समित्यांच्या निर्णयांना पहिले कायदेशीर रूप दिले. त्या मसुद्याची फेररचना करणे, प्रत्येक तरतुदीचे सभेत समर्थन करणे, दुरुस्त्या स्वीकारणे वा नाकारणे आणि अखेरीस संविधान संमत करून घेणे ही जबाबदारी डॉ. आंबेडकरांनी पेलली. सल्लागाराच्या मसुद्याला सभेच्या संमतीवाचून कोणतेही बळ नव्हते, याची जाण स्वतः रावांनाही होती.

ब्रह्मदेशाची घटना

१९४७ मध्ये ब्रह्मदेशाचे घटनात्मक सल्लागार यू चान टून हे विचारविनिमयासाठी दिल्लीला आले होते. त्यांच्याबरोबर रावांनी त्या देशाच्या घटनेच्या मसुद्यावर काम केले. ती घटना २४ सप्टेंबर १९४७ रोजी संमत झाली.

संयुक्त राष्ट्रे आणि आंतरराष्ट्रीय न्यायालय

यानंतर रावांनी संयुक्त राष्ट्रांत भारताचे प्रतिनिधित्व केले. १९५० व १९५१ या दोन वर्षांसाठी भारत सुरक्षा परिषदेचा सदस्य होता. जून १९५० मध्ये परिषदेचे अध्यक्षपद क्रमाने भारताकडे आले असतानाच कोरियन युद्धाला तोंड फुटले. २५ जूनच्या पहिल्या ठरावाला रावांनी भारताच्या वतीने पाठिंबा दिला. दक्षिण कोरियाला साहाय्य करण्याचा दुसरा ठराव २७ जून रोजी मतास आला. त्या वेळी सरकारची सूचना हाती नसल्याने त्यांनी मतदानात भाग घेतला नाही. भारत सरकारने नंतर तो ठराव मान्य केला. डिसेंबर १९५० मध्ये युद्धबंदीचा मार्ग शोधण्यासाठी नेमलेल्या त्रिसदस्य गटात इराणचे नसरुल्ला एंतेझाम आणि कॅनडाचे लेस्टर पिअरसन यांच्यासमवेत रावांचा समावेश होता. या गटाच्या प्रयत्नांना यश आले नाही.

फेब्रुवारी १९५२ मध्ये राव आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे न्यायाधीश झाले. या पदाची मुदत नऊ वर्षांची असते. त्यांना मात्र दोन वर्षेही मिळाली नाहीत.

मृत्यू आणि स्मृती

३० नोव्हेंबर १९५३ रोजी स्वित्झर्लंडमधील झुरिक येथे वयाच्या ६६ व्या वर्षी रावांचे निधन झाले. त्यांची टिपणे, निवेदने व लेख बी. शिवा राव यांनी संपादित केले आणि १९६० मध्ये ते ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. १९८८ मध्ये भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

रावांनी निवडणूक लढवली नाही आणि कोणत्याही पक्षाचे नेतृत्व केले नाही. त्यामुळे त्यांचे नाव सर्वसामान्यांच्या फारसे परिचयाचे नाही. अनेक देशांच्या घटना समोर ठेवून त्यातील काय घ्यावे, काय सोडावे आणि का, याची कारणमीमांसा करणारी त्यांची टिपणे मात्र संविधानाच्या अभ्यासकांना आजही मूळ साधन म्हणून उपयोगी पडतात.